पोलादावर कोरलेले अक्षर

जे क्षर पावत नाही ते अक्षर, अशी या शब्दाची व्युत्पत्ती आपल्या परंपरेने सांगितली आहे. सणासुदीच्या दिवसांत भिंतीभिंतींवर ठसठशीत अक्षरे झळकू लागली, की ही व्युत्पत्ती आम्हांस हटकून आठवते. मात्र अक्षराचा आकार टिकला तरी त्याचा अर्थ टिकतोच असे नाही. जर्मनीतील 'नॉयलांट' या मुद्राक्षराची कथा हेच सांगते.

'नॉयलांट' म्हणजे नवी भूमी. 1923 साली ऑफेनबाख येथील क्लिंगस्पोर यांच्या खिळे ओतण्याच्या कारखान्यासाठी रूडॉल्फ कोख (1876–1934) यांनी ते घडविले. कोख मोठे सुलेखनकार आणि श्रद्धाळू ख्रिस्ती. बायबलातील वचने त्यांनी हस्तलिखितांत आणि विणलेल्या भित्तिपटांतही उतरविली. हे अक्षर करताना त्यांनी आधी कागदावर आराखडे काढले नाहीत. पोलादी ठशांवर स्वहस्ते थेट कोरले. त्यामुळे प्रत्येक मापातील अक्षर थोडे निराळे उतरले. जाड, कोनदार, काष्ठठशासारखे रांगडे असे हे रूप. त्यात रोमन लिपीची मोठी अक्षरे तेवढी आहेत, लहान अक्षरे नाहीतच.

अशा अक्षराचा विनियोग कसा करावा? कीर्तनात नामघोष उच्च स्वरात होतो, निरूपण मात्र संथ स्वरात चालते. सारे निरूपणच घोषाच्या पट्टीत केले, तर श्रोता पाठ फिरवील. जाड अक्षराचेही तसेच आहे. चार शब्दांचे शीर्षक, ग्रंथाचे मुखपृष्ठ, भित्तिपत्रक, हे त्याचे क्षेत्र. दीर्घ मजकूर त्यात वाचवत नाही. अक्षरे व ओळी एकमेकींस भिडवून लावल्या, की पानावर दगडी भिंतीसारखा एकसंध काळा पट उभा राहतो. अक्षरे विरळ केली, की तो पट विस्कटतो. आज संगणकावर एकच आकार लहानमोठा करून वापरला जातो. मापागणिक पालटणारे कोख यांच्या हाताचे वळण त्यात उरत नाही.

पुढे या अक्षराचे नशीब पालटले. अमेरिकेतील जाहिरातदारांना त्याच्या रांगडेपणात 'रानटीपणा' दिसला. जंगल, साहस, दूरदेशीचे नवल, जे जे विकावयाचे त्यावर ते चढले. आफ्रिकेविषयीच्या आणि कृष्णवर्णीय लेखकांच्या ग्रंथांच्या वेष्टनांवरही आले. 1993 च्या 'जुरासिक पार्क' चित्रपटाचे नाव याच घडणीच्या अक्षरांत जगभर झळकले. 2004 साली रॉब जाम्पिएत्रो यांनी एका निबंधात या प्रथेवर नेमके बोट ठेवले. सुविद्य लेखकांच्या गंभीर ग्रंथांनाही वेष्टनावरील अक्षराने 'आदिम' ठरवावे, हा अन्याय नव्हे काय? वाचकाने पहिले पान उलटण्यापूर्वीच त्याच्या मनात ग्रह बसतो, आणि तो बसविणारा एक शब्दही बोललेला नसतो.

यात दोष अक्षराचा नव्हे. भक्तिभावाने वचने लिहिणाऱ्या हाताने ते कोरले होते. त्यावर 'रानटी' हा अर्थ लादला तो वापरणाऱ्यांनी, आणि वारंवार लादून रूढ केला. शब्दाचा अर्थ रूढीने ठरतो, हे व्याकरणकार सांगतात. तोच न्याय अक्षराकृतीसही लागू पडतो. म्हणून फलक रंगविणाऱ्यांनी व ग्रंथ छापणाऱ्यांनी अक्षर निवडताना ते डोळ्यांत भरते की नाही एवढेच पाहू नये. ज्याचे नाव त्यात लिहावयाचे, त्याचा मान त्याने राखला जातो की नाही, हेही पाहावे, एवढीच आमची विनंती.