सैन्यभरती आणि अ‍ॅलर्जी

धडधाकट तरुण केवळ शेंगदाणा सोसत नाहीं म्हणून सैन्यास अपात्र ठरावा, हें प्रथम विचित्र वाटतें. व्हिएन्नाचे डॉ. पिर्के यांनीं १९०६ सालीं जिला ‘अ‍ॅलर्जी’ हें नांव दिलें, त्या अवस्थेंत निरुपद्रवी पदार्थासही शरीर शत्रु मानतें. अन्नामुळें वा मधमाशीच्या दंशानें एकदां प्राणावर बेतलेला, किंवा वयाच्या १३ व्या वर्षानंतर दमा झालेला उमेदवार अमेरिकेच्या सैन्यांत सामान्यतः नाकारला जातो. क्वचित् कसून तपासणीअंतीं अपवाद होतो. ऋतुमानाच्या साध्या शिंका सहसा आड येत नाहींत. कारण उघड आहे. आघाडीवर शिधा निवडतां येत नाहीं, अ‍ॅड्रेनलिनची सुई वेळेवर मिळेलच असें नाहीं. एकाचा श्वास कोंडला, तर त्यास वाहून नेणारे सोबतीही संकटांत सांपडतात. म्हणून भरतीच्या वेळीं दुखणें लपविणें हें शौर्य नव्हे.