हुकूमनाम्यांची वसुली : धंदा की न्यायाचा भाग?

दावा जिंकणे आणि पैसे हाती येणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे ज्याने एखादा दावा जिंकला आहे त्यालाच पुरतेपणी ठाऊक असते. निकाल लागला की हरलेला पक्षकार घरी जातो आणि जिंकलेल्याचे हेलपाटे नव्याने सुरू होतात. हे दुखणे आजचे नाही. १८७२ साली दरभंगा जमीनदारीच्या एका प्रकरणात लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने असाच अभिप्राय दिला होता की, हिंदुस्थानातील पक्षकाराच्या अडचणी हुकूमनामा मिळाल्यानंतरच सुरू होतात. त्याला आता दीडशे वर्षे उलटून गेली.

या विषयाकडे माझे लक्ष वळले ते एका जुन्या विद्यार्थ्यामुळे. वाणिज्य शाखेचा पदवीधर, कळंबोलीच्या लोखंडबाजारात हिशेबनीस म्हणून काम करणारा हा तरुण गेल्या पावसाळ्यात घरी आला. त्याचे वडील बांधकामावरचे छोटे मुकादम. एका मोठ्या ठेकेदाराकडे त्यांच्या मजुरीचे पैसे अडकले, दावा झाला, एक लाख चाळीस हजारांचा हुकूमनामाही झाला. बजावणीसाठी दरखास्त दिली. बेलिफ दोनदा जाऊन आला, दोन्ही वेळा दाराला कुलूप. पुढे ठेकेदाराच्या मालमत्तेचा तपशील देता आला नाही म्हणून दरखास्त तशीच निकाली निघाली. "सर, बाबांच्या हुकूमनाम्याला अकरावे वर्ष लागले आहे," तो म्हणाला. पैशाच्या हुकूमनाम्याच्या बजावणीसाठी अर्ज करण्याची मुदत १९६३ च्या मुदतीच्या कायद्याने बारा वर्षांची आहे, हे त्याने शोधून काढले होते.

पण तो आला होता सल्ल्यासाठी, तोही एका धंद्याच्या. अमेरिकेत काही लोक घरबसल्या हा व्यवसाय करतात, असे त्याच्या वाचनात आले होते. ज्यांचे हुकूमनामे वसूल झालेले नाहीत त्यांना गाठायचे, हुकूमनामा आपल्या नावावर लिहून घ्यायचा, ऋणकोची मालमत्ता हुडकायची, वसुली करायची आणि बहुधा निम्मी रक्कम आपण ठेवायची. "भांडवल जवळजवळ नाही. एक टेबल, एक संगणक, एक दूरध्वनी. आणि माल तर कोर्टात ढिगाने पडला आहे."

माल ढिगाने पडला आहे, हे त्याचे म्हणणे खोटे नव्हे. २०२१ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने राहुल शहा प्रकरणात सांगितले की, दरखास्त दाखल झाल्यापासून सहा महिन्यांत निकाली काढावी आणि उशीर झाल्यास त्याची कारणे लेखी नमूद करावीत. मार्च २०२५ मध्ये पेरियम्मल प्रकरणात त्याच न्यायालयाने सर्व उच्च न्यायालयांकडून प्रलंबित दरखास्तींचा हिशेब मागविला. ऑक्टोबरमध्ये हाती आलेला आकडा ८ लाख ८२ हजारांहून अधिक होता. त्यांपैकी सुमारे ३ लाख ४१ हजार, म्हणजे तीन अष्टमांशांहून अधिक, एकट्या मुंबई उच्च न्यायालयाच्या क्षेत्रातील होत्या. या यादीतील आपला पहिला क्रमांक अभिमानाचा खचितच नाही.

आता हा धंदा कायद्यात बसतो काय? तरुणाला वाटले त्यापेक्षा दार अधिक उघडे आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या २१ व्या आदेशातील १६ व्या नियमानुसार हुकूमनामा लेखी दस्ताने दुसऱ्याच्या नावे करता येतो. मूळ धारकाला व ऋणकोला नोटीस देऊन, त्यांच्या हरकती ऐकून, न्यायालय घेणाऱ्याला बजावणी करू देते. दुसऱ्याच्या दाव्याला पैसा पुरवून वाटा घेण्याचा करार इंग्लंडात निषिद्ध होता. तो आपल्याकडे मुळातच बेकायदा नाही, मात्र पिळवणुकीचा असल्यास न्यायालय मानणार नाही, असे प्रिव्ही कौन्सिलने १८७६ मध्येच ठरविले. वकिलांना मात्र वसुलीत वाटा घेण्याची मनाई आहे. महाराष्ट्रात संहितेच्या २५ व्या आदेशात केलेल्या दुरुस्तीने तर दाव्याला पैसा पुरविणाऱ्याला पक्षकार करून खर्चापोटी तारण मागण्याचीही सोय ठेवली आहे. तात्पर्य, हुकूमनाम्याची खरेदी गुन्हा नव्हे. प्रश्न कायद्याचा कमी आणि अर्थशास्त्राचा अधिक आहे.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने हुकूमनाम्याकडे हुंडीसारखे पाहावे. समजा, एक लाखाचा हुकूमनामा आहे. निकालानंतर न्यायालय सामान्यतः द.सा.द.शे. ६ पर्यंत सरळ व्याज देते. पाच वर्षांनी वसुली झाली तर १ लाख ३० हजार मिळतील. धनकोला आपला पैसा इतरत्र दहा टक्के दराने पडतो असे धरले, तर या रकमेची आजची किंमत सुमारे ८० हजार ७०० होते. म्हणजे केवळ विलंबाने १९ हजार गेले. पण वसुली होईल की नाही हेच आठ आणे असेल, तर किंमत थेट ४० हजारांवर उतरते. खरेदीदार आपला नफा व खर्च धरून तीस-पस्तीस हजारच देऊ करील. या साध्या हिशेबातून एक गोष्ट स्पष्ट होते. विलंबाने जितके नुकसान होते त्याच्या दुपटीहून अधिक नुकसान अनिश्चितीने होते. आणि ही अनिश्चिती ऋणकोची मालमत्ता कोठे आहे हे ठाऊक नसण्यातून जन्मते. विलंब जितका वाढेल तितका ऋणकोला ती मालमत्ता पत्नीच्या, भावाच्या, नव्या कंपनीच्या नावे सरकविण्यास अवकाश मिळतो. किंबहुना विलंब आणि अनिश्चिती एकमेकांना पोसतात.

या कसराचा व्यापार पनवेलकरांना नवा नाही. नवी मुंबईसाठी पनवेल-उरणच्या जमिनी गेल्या. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९८४ च्या जानेवारीत झालेल्या आंदोलनात पाच शेतकऱ्यांचे प्राण गेले. पुढे १९९० मध्ये साडेबारा टक्के भूखंडांची योजना आली. परंतु हक्क मान्य होणे आणि भूखंड प्रत्यक्ष हाती येणे यांत वर्षे लोटली. त्या अवधीत घरात लग्न होते, आजारपण होते, शेती उरली नव्हती. तेव्हा अनेकांनी आपला हक्क कागदावर असतानाच विकून टाकला. ज्याला थांबणे परवडते त्याने, ज्याला थांबणे परवडत नाही त्याचा कागद स्वस्तात घ्यावा, हा तो व्यवहार. माझ्या विद्यार्थ्याचा धंदा याच जातीचा आहे. त्याचा नफा शासनयंत्रणेच्या मंदगतीतून येतो आणि त्याची किंमत गरजू धनको मोजतो.

याला दुसरीही बाजू आहे. १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातील सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे व हुकूमनामे जाळले आणि तो वणवा पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत पसरला. त्या काळी वसुली मंद नव्हती. ती निर्दय होती. हुकूमनामा हे बलवंताच्या हातचे हत्यार होते. १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने रोख्यामागचा खरा व्यवहार तपासण्याचा अधिकार न्यायालयांना दिला आणि पैशाच्या हुकूमनाम्यापायी शेतकऱ्याला होणारा तुरुंगवास बंद केला. आजच्या संहितेचे ६० वे कलम हीच वृत्ती सांभाळते. स्वयंपाकाची भांडी, कारागिराची अवजारे, शेतकऱ्याचे बैल व नांगर, स्त्रीचे धर्मरूढीने अंगावरून न उतरणारे अलंकार, निवृत्तिवेतन, भविष्य निर्वाह निधी यांवर जप्ती येत नाही. पगाराचे पहिले एक हजार व उरलेल्याचे दोन तृतीयांश सुरक्षित असतात. म्हणजे पंचवीस हजार पगाराच्या कारकुनाचे महिन्याला फार तर आठ हजार जप्त होतात, तेही एका हुकूमनाम्यापायी एकंदर चोवीस महिनेच. निव्वळ दारिद्र्यामुळे कर्ज फेडता न येणाऱ्याला तुरुंगात धाडता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये जॉली जॉर्ज व्हर्गीस प्रकरणात ठरविले आहे.

ही संरक्षणे न्यायालयाच्या बेलिफाला ठाऊक असतात. निम्म्या वाट्यावर डोळा ठेवून दारात उभ्या राहणाऱ्या वसुलीदाराला ती ठाऊक असतील काय, आणि असली तरी तो मानील काय? बँकांच्या वसुली प्रतिनिधींनी सकाळी आठपूर्वी व संध्याकाळी सातनंतर ऋणकोला दूरध्वनी करू नये, असा दंडक रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये घातला. तेथे निदान जाब विचारता येईल अशी एक बँक तरी मागे असते. घरातील टेबलावरून चालणाऱ्या धंद्याच्या मागे कोण असेल?

मग धनकोने हात बांधून बसावे काय? मुळीच नाही. कारण १८७५ चे चित्र आज पुष्कळ अंशी उलटले आहे. मोठा धनको आज हुकूमनाम्याची वाट पाहत बसत नाही. बँकांना २००२ च्या कायद्याने तारण मालमत्तेचा ताबा स्वतः घेण्याचा अधिकार आहे आणि सहकारी पतसंस्थांना १९६० च्या सहकारी संस्था अधिनियमाखाली वसुलीचा दाखला मिळतो. दिवाणी न्यायालयाच्या दारी ताटकळत राहतो तो मुकादम, किरकोळ दुकानदार, साठवलेले पैसे हातउसने देऊन बसलेला निवृत्त शिक्षक. त्यांच्या जोडीला पोटगीचा आदेश हाती असलेली स्त्री आणि स्थावर संपदा प्राधिकरणाचा आदेश हाती असलेला घरखरेदीदार. या खरेदीदाराची रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल व्हावयाची, म्हणजे पनवेलच्या माणसाने अलिबागच्या जिल्हाधिकारी कचेरीकडे डोळे लावून बसावयाचे. या सर्वांच्या हातचा न्याय कागदावरच राहिला, तर न्यायालयावरचा विश्वास उडतो आणि माणसे 'वसुली करून देणाऱ्या' दांडग्यांकडे वळतात. धोका आहे तो येथे.

उपाय नवे शोधावयाचे नाहीत. २१ व्या आदेशाच्या ४१ व्या नियमाखाली ऋणकोला आपल्या मालमत्तेचे प्रतिज्ञापत्र देण्यास न्यायालय भाग पाडू शकते. आदेश न पाळल्यास तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैद आहे. पैशाच्या दाव्यात मुद्दे काढण्यापूर्वीच प्रतिवादीकडून असे विवरण घ्यावे, असे २०२१ च्या निकालाने सुचविले आहे. ऋणकोला ज्याच्याकडून पैसे येणे असतील त्याच्याकडून ते थेट न्यायालयात भरून घेण्याची तरतूदही आहे. पोटगीच्या वादात दोन्ही पक्षांनी मालमत्तेचे विवरण द्यावे, हे तर सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये बंधनकारक केले. हे नियम केवळ वकिलाने मागितले तर नव्हे, तर नित्यक्रम म्हणून वापरले गेले पाहिजेत. बेलिफांची संख्या वाढविणे आणि भूमी अभिलेख व दस्तनोंदणीची माहिती बजावणी न्यायालयाला थेट उपलब्ध करून देणे, हे शासनाचे काम आहे. ज्याला वकील परवडत नाही त्याने तालुका विधी सेवा समितीकडे जावे; स्त्रियांना तेथे उत्पन्नाची अट न घालता विनामूल्य वकील मिळतो आणि ही मदत दरखास्तीसाठीही असते.

माझ्या विद्यार्थ्याला मी दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, हुकूमनामे विकत घेण्याच्या भानगडीत पडू नकोस. अडलेल्याच्या घाईवर नफा मिळवावा लागेल, नाहीतर नडलेल्याच्या दारात उभे राहावे लागेल. दुसरी, तुझ्या कल्पनेत जे खरोखर मोलाचे आहे ते ठेव. वसुली अडते ती माहितीपाशी. गावाचे नाव व आडनाव यांवरून सातबारा शोधणे, मिळकतपत्रिका काढणे, कंपनीच्या संचालकांची नावे पाहणे, मुदतीची तारीख मोजणे, दरखास्तीची अनुसूची नीट लिहून वकिलाच्या हाती देणे, हे काम हिशेबनिसाला साजेसे आहे. त्याची ठरावीक मजुरी घे, वाटा घेऊ नकोस. न्यायालयात बोलणे वकिलावर सोड आणि ऋणकोच्या दारी जाणे बेलिफावर.

तो थोडा हिरमुसला. निम्म्या वाट्याच्या मानाने मजुरी ती किती! पण घरचेच काम त्याने प्रथम हाती घेतले. चार रविवार खर्चून ठेकेदाराच्या नावचा कर्जत तालुक्यातील एका जमिनीचा सातबारा त्याने शोधून काढला. बारा वर्षे भरण्यास काही महिने असताना नवी दरखास्त दाखल झाली, या वेळी मालमत्तेच्या तपशिलासह. नोटीस निघाली आहे. पैसे अजून आलेले नाहीत.

ते सहा महिन्यांत येतील की सहा वर्षांत, हे आता त्या मुलाच्या हुशारीवर अवलंबून नाही. त्याचे काम त्याने केले; उरलेले न्यायालयाचे आणि शासनाचे आहे. ते वेळेवर झाले, तर त्याच्या धंद्याची कल्पना आपोआप निरर्थक ठरेल, आणि तसे झाल्यास सर्वांत अधिक आनंद त्याच्या वडिलांना होईल.