पाणी कोण घालतो?

नवी मुंबईतील जुनी परमिट रूम आणि अलीकडे हॉटेले व मॉल यांच्या आश्रयाने आलेला कॉकटेल बार यांच्यातील फरक बहुधा दर, दिवे आणि गणवेश यांवरून सांगितला जातो. परंतु काउंटरवरील काम जवळून पाहिले असता, पेयात पाणी कोण घालतो हा प्रश्न अधिक उपयोगाचा ठरतो.

परमिट रूम हे नावच कायद्याच्या पोटातून आलेले आहे. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यानुसार मद्य बाळगण्यास व पिण्यास व्यक्तीला परवाना, म्हणजे परमिट, लागतो आणि असा परवानाधारक जिथे बसून पिऊ शकतो ती ही खोली. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोची स्थापना १९७० ची असल्याने वाशी-नेरूळच्या नकाशांहून हा कायदा २१ वर्षांनी वडील आहे. येथील काउंटरवाल्याचे मुख्य हत्यार म्हणजे पेगमाप, ज्याच्या एका तोंडात ३० मिलिलिटर आणि दुसऱ्या तोंडात ६० मिलिलिटर मावते. ७५० मिलिलिटरच्या खंब्यातून ३० चे २५ पेग निघालेच पाहिजेत, असा मालकाचा हिशेब असतो व तो साठ्याच्या वहीशी रोज जुळावा लागतो. म्हणूनच मनगटाची जी हालचाल वरवर यांत्रिक वाटते, तिच्यावर दोन बाजूंचा पहारा असतो: थेंब जास्त गेला तर मालकाचे नुकसान आणि कमी पडला तर मापाच्या काठावर डोळा ठेवून बसलेल्या गिऱ्हाइकाची कुरबुर. माप काठोकाठ भरते तेव्हा पृष्ठताणामुळे, म्हणजे द्रवाचा पृष्ठभाग पातळ पापुद्र्यासारखा ताणून राहत असल्यामुळे, दारू काठाच्या किंचित वर फुगते, आणि सरावलेला हात नेमका त्याच क्षणी बाटली उभी करतो. माप ग्लासात उपडे केल्यावर ते एकदा झटकले जाते. या झटक्याने फार तर एखादाच थेंब पडत असेल, पण तो न दिल्यास गिऱ्हाइकाचा चेहरा पडतो. नंतर वेटर ‘पाणी की सोडा?’ असे विचारतो आणि चखण्याची बशी सरकवून निघून जातो. पेय किती पातळ करायचे याचा निर्णय येथे पिणाराच घेतो.

कॉकटेल बारमध्ये काउंटरवर पेये मिसळणाऱ्याला मिक्सॉलॉजिस्ट म्हणतात. हा शब्द एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेत रुळला, तोही आधी थट्टेच्या सुरात. १८६२ मध्ये अमेरिकी बारटेंडर जेरी थॉमस यांचे मिश्रपेयांचे पुस्तक निघाल्यावर या धंद्याला छापील आधार मिळाला. मुंबईत बारटेंडर शतभी बासू यांनी या कामाचे रीतसर शिक्षण सुरू केले. परमिट रूमचा काउंटरवाला मात्र आजही कोणाच्या तरी शेजारी उभा राहूनच शिकतो, आणि त्याच्या हाताला विद्येचे नाव मिळत नाही.

मिक्सॉलॉजिस्ट पाण्याविषयी विचारत नाही, कारण बर्फाच्या रूपाने ते त्याने आधीच घातलेले असते. ढवळताना बर्फ वितळतो, वितळण्यासाठी लागणारी उष्णता तो मद्यातूनच शोषून घेतो, आणि मद्यार्कामुळे मिश्रणाचा गोठणबिंदू खाली गेलेला असल्याने पेय शून्य अंशाच्याही खाली थंड होते. अशा तयार पेयाचा साधारण पाचवा ते चौथा हिस्सा बर्फाचे पाणीच असते. त्यामुळे ढवळणे केव्हा थांबवावे, हे या कलेचे खरे मर्म होय. धूर, फुले आणि काचेच्या घंटा यांचा बडेजाव त्यामानाने गौण आहे. मिल्क पंच या करामतीचे मर्मही बडेजावात नसून साध्या कृतीत आहे. लिंबाच्या आंबटपणाने दूध फाडायचे, चोथ्यातून सारे मिश्रण पुन्हा पुन्हा गाळायचे, की दारूचा तुरटपणा चोथ्यात अडकून स्वच्छ, मऊ पेय खाली उतरते. पनीर करणाऱ्या कोणत्याही घराला यातली निम्मी कृती ठाऊक असते, फक्त तेथे चोथा ठेवून पाणी टाकले जाते.

कॉकटेल बारमधील जिगर, म्हणजे तेथील पेगमाप, याचीही तोंडे बहुधा ३० आणि ६० चीच असतात. तेथे मापाच्या काठाकडे मात्र कोणी टक लावून पाहत नाही. सगळ्यांची नजर शेकरवर आणि संत्र्याच्या सालीतून पिळल्या जाणाऱ्या सुगंधी तेलावर खिळलेली असते, आणि रिकामे माप न झटकताच धुण्याच्या पाण्यात जाते.