दारातली पद्मिनी सुरू का होत नाही?

कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडणारी फियाट आणि तिचेच पुढचे रूप असलेली प्रीमियर पद्मिनी ही महाराष्ट्रातील व्यापारी व नोकरदार कुटुंबांत एके काळी प्रतिष्ठेची खूण होती. नाव नोंदवून दीर्घकाळ वाट पाहिल्यावर ती दारात येत असे आणि मग घरातल्या माणसासारखी राहत असे. मुंबईच्या रस्त्यांवरील पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ अखेर निवृत्त झाली. परंतु गावोगावच्या अंगणांत ताडपत्रीखाली उभी असलेली पद्मिनी अजून दिसते. वडील गेल्यावर ती कोणी चालवली नाही आणि जीव होत नाही म्हणून कोणी विकलीही नाही. मग एखाद्या दिवशी घराची वाटणी निघते, नवी बॅटरी जोडून चावी फिरवली जाते, इंजिन गरगर फिरते पण पेट घेत नाही. 'इंजिन गेले' असा निकाल लागतो आणि भंगारवाल्याला निरोप जातो.

हा निकाल बहुधा घाईचा असतो. जे इंजिन मोकळेपणाने फिरते, ते गेलेले नसते. त्याला ठिणगी तरी मिळत नाही किंवा पेट्रोल तरी. जमाखर्च जुळत नसेल तर वही जाळत नाहीत, एकेक नोंद तपासतात. येथेही तोच मार्ग.

खरे तर चावी फिरवण्याआधीच बॉनेट उघडून पाहायला हवे. बंद गाडीत उंदीर, पाली, चिमण्या यांनी संसार थाटलेला असतो; पंखा फिरला की त्यांच्या जिवावर बेतते. उंदरांनी तारांचे आवरण कुरतडलेले आढळले, तर अर्धा शोध तेथेच संपतो. नंतर चारही प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे इंजिन ऑइल सोडावे आणि इंजिन प्रथम हाताने फिरवून पाहावे.

पद्मिनीच्या १०८९ सीसी इंजिनाची ठिणगी निर्माण करण्याची रीत साधी आहे. बॅटरीतून १२ व्होल्टचा प्रवाह कॉइलच्या प्राथमिक वेटोळ्यातून डिस्ट्रिब्युटरमधील पॉइंटपर्यंत जातो. पॉइंट मिटलेले असताना कॉइलमध्ये चुंबकत्व साठते. ते उघडताच चुंबकत्व एकाएकी कोसळते आणि दुसऱ्या वेटोळ्यात हजारो व्होल्टचा दाब उसळतो. रोटर तो १-३-४-२ या क्रमाने प्लगपर्यंत पोहोचवतो. सारी मदार पॉइंटच्या दोन चिमुकल्या टोकांवर असते, आणि कोकणातील दमट हवा असो वा देशावरचा पावसाळा, वर्षानुवर्षांच्या विश्रांतीत या टोकांवरच गंजाची अदृश्य साय धरते.

तपासणीसाठी दोन तारा लावलेला १२ व्होल्टचा छोटा दिवा पुरेसा आहे. दिव्याची एक तार इंजिनाच्या स्वच्छ धातूला लावून चावी चालू करावी व दुसरी तार कॉइलच्या बॅटरीकडील टोकास टेकवावी. दिवा लागला नाही, तर दोष चावीच्या स्विचमध्ये किंवा वायरिंगच्या सांध्यांत आहे. लागला, तर तीच तार डिस्ट्रिब्युटरकडील टोकास लावून इंजिन हळूहळू फिरवावे. पॉइंट उघडताना दिवा लागला व मिटताना विझला पाहिजे. तो सतत जळत राहिला, तर पॉइंट मिटूनही प्रवाह पुढे सोडत नाहीत. सतत विझलेलाच राहिला, तर पॉइंट अथवा कंडेन्सर बॉडीला टेकून शॉर्ट झाला आहे, किंवा कॉइल आतून तुटली आहे. पॉइंट मिटलेले असताना चावी फार वेळ चालू ठेवू नये, कॉइल तापते.

पॉइंट साफ करण्यास बारीक पॉलिश पेपर पुरतो. मात्र त्यानंतर कोरा कागद टोकांमधून ओढून घेण्याचा कंटाळा करू नये, कारण बोटाचे तेलही तेथे अडथळा ठरते. मग फीलर गेजने फट सुमारे ०.४ ते ०.५ मिलिमीटर ठेवावी. डिस्ट्रिब्युटरची टोपी आतून कोरडी पुसून प्रकाशात धरावी. तिच्यावर केसासारखी काळी रेघ असेल, तर वीज त्या रेघेने भलतीकडे जाते. अशी टोपी बदलणेच श्रेयस्कर. आता प्लग वायरला जोडून, त्याचे धातूचे अंग इंजिनाला टेकवून इंजिन फिरवावे. प्लग मोकळ्या हाताने धरू नये आणि आसपास पेट्रोलची वाफ नसावी. निळसर, टणत्कार करणारी ठिणगी हवी. पिवळी व मरतुकडी दिसली आणि पॉइंटवरही ठिणग्या उडत असतील, तर कंडेन्सर बदलावा. नव्या कॉइलचा आग्रह धरणाऱ्या कारागिराला हा स्वस्त भाग आधी बदलायला सांगावे.

ठिणगी चांगली असूनही गाडी पेटत नसेल, तर टाकीतील जुने, डिंकासारखे झालेले पेट्रोल उपसून कार्बोरेटर धुवावा. हल्लीच्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलमुळे जुन्या रबरी नळ्या खराब होतात, म्हणून त्या आधीच बदलून घ्याव्यात.

कागदपत्रांचाही विचार हवा. पहिल्या नोंदणीस ५० वर्षे झालेल्या व मूळ रूपात जपलेल्या गाड्यांसाठी केंद्र सरकारने २०२१ मध्ये 'व्हिंटेज' नोंदणीची स्वतंत्र तरतूद केली. पद्मिनीच्या सुरुवातीच्या गाड्या आता त्या वयाला पोहोचत आहेत. अशी गाडी रोजच्या वापरासाठी नसते, पण ती घरात राहू शकते. भंगाराची पावती फाडण्यापूर्वी जुने आरसी पुस्तक शोधून त्यावरील तारीख अवश्य पाहावी.

इंजिन सुरू झाले की मुले आत बसायला धावतात. त्याआधी ब्रेकचे तेल बदलून चारही चाके खोलून पाहावीत. इतक्या वर्षांत ब्रेकचे सिलिंडर अडकलेले असण्याची शक्यता मोठी असते.