मैदानातले गाणे आणि रात्रीचा हिशेब

आपले शास्त्रोक्त गाणे मुळात लहान जागेचे आहे. राजवाड्यातला दरबार, सरदाराचा दिवाणखाना, फार तर देवळाचा सभामंडप, एवढ्यात ते वाढले. मध्ये कोणतेही यंत्र नसताना गवयाचा आवाज आणि तंबोऱ्याचा झंकार जितक्या माणसांपर्यंत पोचेल तितकीच माणसे समोर बसणार, आणि ती कोण असावीत हे वाड्याचा मालक ठरवणार. हे गाणे शाळेच्या पटांगणात हजारो माणसांपुढे कसे आले, आणि तिथे त्याने काय मिळवले व काय गमावले, याविषयी चार शब्द सांगावेत असे व्याख्यानमालेच्या चालकांनी सुचवले. आम्ही गवई नाही, गाण्याचे पंडितही नाही. कामगारांच्या संघटनेत आयुष्य गेले. पण ऐकणारा हाही गाण्यातला एक पक्षकार आहे, आणि पक्षकाराची बाजू मांडणे हा तर आमचा धंदाच.

दरबारातले गाणे रस्त्यावरच्या माणसापर्यंत आणण्याचे मोठे श्रेय कुरुंदवाडच्या विष्णु दिगंबर पलुस्करांचे. संस्थानिकांचा आश्रय सोडून ते बाहेर पडले, तिकीट लावून जाहीर जलसे केले आणि १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. तिकीट म्हटले की आपण नाक मुरडतो. परंतु त्या काळी तिकीट ही मोठी लोकशाही गोष्ट होती. ज्याच्या खिशात पैसे तो आत, मग त्याची जात कोणती आणि त्याला मुजरा येतो की नाही हे विचारणारा कोणी नाही. (खिशात पैसे नसलेल्याचे काय, हा प्रश्न उरतोच. त्याकडे पुढे येऊ.) उत्तरेत जालंदरचा हरिवल्लभ संगीत मेळा तर १८७५ पासून भर थंडीत भरतो आहे. त्याच वर्षी न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, म्हणजे आपण इथे बसलो आहोत ती प्रथा आणि आपला आजचा विषय हे दोघे वयाने बरोबरीचे.

महाराष्ट्रात मैदानातले गाणे म्हटले की पहिले नाव पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवाचे. सवाई गंधर्व म्हणजे धारवाडकडच्या कुंदगोळचे रामभाऊ कुंदगोळकर, किराणा घराण्याच्या अब्दुल करीम खाँसाहेबांचे शिष्य. मराठी रंगभूमीवर त्यांनी स्त्रीभूमिका गाजवल्या. गंगूबाई हनगल हुबळीहून आगगाडीने त्यांच्याकडे शिकायला जात. भीमसेन जोशी अकराव्या वर्षी गुरूच्या शोधात घर सोडून पळाले, बिनतिकिटाने मुलूख पालथा घातला आणि शेवटी याच गुरूच्या दारी पाणी भरून गाणे शिकले. गुरू १९५२ साली गेले. दुसऱ्या वर्षी, १९५३ मध्ये, भीमसेनांनी त्यांच्या स्मरणार्थ पुण्यात गाण्याचा कार्यक्रम केला. आर्य संगीत प्रसारक मंडळाच्या वतीने होणारा तो कार्यक्रम वाढत वाढत मैदानात आला. अनेक वर्षे तो न्यू इंग्लिश स्कूलच्या रमणबागेतल्या पटांगणावर होत असे. २०१८ पासून तो मुकुंदनगरला महाराष्ट्रीय मंडळाच्या आवारात गेला. भीमसेन २०११ च्या जानेवारीत गेले आणि त्यानंतर त्यांचेही नाव महोत्सवाला जोडले गेले.

आम्ही तिथे पहिल्यांदा गेलो तो १९९६ चा डिसेंबर. आम्ही जोह्याचे पाचजण. आमच्या गावात आणि शेजारच्या हमरापूर, तांबडशेत, कळव्याच्या बाजूला कारखाना म्हटले की तो गणपतीचा. आमच्यातले तिघे त्या कारखान्यांत काम करणारे, दोघे रोह्याजवळ धाटावच्या औद्योगिक वसाहतीत पाळीवर जाणारे. गाण्याची ओळख रेडिओने करून दिलेली. आखणीचे काम, म्हणजे मूर्तीचे डोळे रेखण्याचे काम, चालले की बोलता येत नाही. हात हलला की डोळा बिघडला. अशा वेळी कोपऱ्यात रेडिओ लागतो. रंगकाम करणाऱ्या कित्येक बायामाणसांना रागाचे नाव येत नाही, पण ‘हे कालचेच आहे, गाणारा तेवढा निराळा’ असे त्या अचूक सांगतात. रेडिओवर अर्धा तास झाला की निवेदक मध्ये येतो. ज्यात निवेदक मध्ये येत नाही असे गाणे पुण्यात रात्रभर चालते, हे कळल्यावर आम्ही ठरवले.

पाळीवरच्या दोघांपैकी एकाने दोन दिवसांच्या रजेचा अर्ज केला. कारण म्हणून त्याने ‘गाणे ऐकण्यासाठी पुण्यास जाणे’ असे लिहिले. अर्ज परत आला. साहेबांचे म्हणणे असे की आजारपण लिही, लग्न लिही, कोणी वारले असेल तर तसे लिही, पण हे कारण रजिस्टरात बसत नाही. तो हट्टी निघाला. कारण बदलणार नाही म्हणाला आणि जोडीदाराशी पाळ्यांची अदलाबदल करून आला. पुढच्या आयुष्यात आम्ही रजेचे पुष्कळ तंटे लढवले, पण त्या एका अर्जाइतका विचार कोणत्याच कागदाने करायला लावला नाही. माणूस मेला तर सुटी आणि माणूस गात असेल तर नाही, हा नियम कोणी केला?

पेणहून एस.टी.ने खोपोली, घाट चढून लोणावळे आणि पुणे. भारतीय बैठकीची तिकिटे काढली. ही बैठक म्हणजे सतरंजीवर मांडी घालून बसण्याची जागा, सर्वांत स्वस्त. पुढे सोफे, मग खुर्च्या आणि मग आम्ही. मैदान सर्वांना सारखे असते असे म्हणतात. आमच्या मते मैदानातही मजले असतात, फक्त ते आडवे असतात. परंतु एक सांगितले पाहिजे. बैठकीतला श्रोता सर्वांत जाणता होता. शेजारी एक आजोबा कानटोपी घालून, मांडीवर बोटांनी मात्रा मोजत बसले होते. समेवर त्यांचा हात पडे आणि तो पाहून आमचाही पडू लागला. पहिल्या रात्री ताल आम्ही शिकलो तो त्यांच्या हातावरून, एक शब्दही न बोलता.

इतक्या मोठ्या जागेत गाणे ऐकू येते कसे, हे समजून घेण्यासारखे आहे. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. आपण व्यासपीठापासून ७० मीटरवर बसलो, तर तबल्यावर पडलेली थाप डोळ्यांना आधी दिसते आणि कानाला सेकंदाच्या पाचव्या हिश्शाने उशिरा येते. द्रुत लयीत मिनिटाला २४० मात्रा पडत असतील तर हा उशीर जवळजवळ एका मात्रेचा झाला. पुढचा माणूस समेवर दाद देतो तेव्हा मागच्याची सम यायचीच असते. म्हणून मैदानाच्या मध्यावर आणखी कर्णे लावतात. पण तारेतून जाणारा आवाज क्षणार्धात पोचतो आणि हवेतला मागून येतो, तेव्हा एकच स्वर दोनदा ऐकू येऊन सगळा चिखल होतो. म्हणून मधल्या कर्ण्यांचा आवाज मुद्दाम तितकाच उशिरा सोडावा लागतो. ही कामगिरी करणारा माणूस श्रोत्यांच्या मध्ये टेबल टाकून बसतो. त्याचे नाव कार्यक्रमपत्रिकेत बारीक अक्षरात असते, पण गवयाच्या खालोखाल रात्र त्याच्या हातात असते. थंडी आणि दव यांचेही काम चाललेले असते. दमट हवेत तबल्याचे चामडे सैल पडते, दिव्यांच्या उष्णतेने तारा उतरतात. कलाकार पुन्हा पुन्हा सूर जुळवतो तो नखरा नसतो.

पण मैदानाने आम्हांला दिलेली खरी वस्तू म्हणजे रात्र. आपल्या संगीतात रागाला वेळ आहे. पंडित भातखंडे यांनी याची व्यवस्था लावताना मध्यमाला ‘अध्वदर्शक स्वर’, म्हणजे वाट दाखवणारा स्वर, असे म्हटले. संध्याकाळच्या मारवा, पूरिया, यमन या रागांत मध्यम तीव्र असतो. रात्र चढली की बागेश्री, मालकंस, दरबारी यांत तो शुद्ध होतो. पहाटेच्या तोंडाला ललितात दोन्ही मध्यम शेजारी शेजारी येतात, जणू अंधार आणि उजेड एका उंबऱ्यावर. उजाडल्यावर भैरव. नियमाला अपवाद आहेत. तोडी सकाळची असून तिचा मध्यम तीव्र. दक्षिणेकडे तर हे वेळापत्रक कोणी फारसे पाळत नाही, म्हणजे हा निसर्गाचा कायदा नाही, आपली रूढी आहे. पण रूढीचाही अर्थ तिथे बसल्यावर कळतो. त्या शेवटच्या रात्री दोननंतर अर्धे मैदान शाली घेऊन जागच्या जागी आडवे झाले होते, चहाच्या टपरीवर रांग होती, आणि मध्यरात्रीचा राग मध्यरात्रीच चालला होता. फटफटले तेव्हा भीमसेन बसले. आमच्यातल्या पाळीवाल्याने कानात सांगितले, ‘आजवर पहाट पाहिली ती भोंगा वाजण्याची वाट पाहत.’ रात्रपाळीला जागणे आणि इथे जागणे, घड्याळ एकच, माणूस एकच. वेगळी गोष्ट एवढीच की ही रात्र त्याने कोणाला विकलेली नव्हती.

ती रात्र आता मैदानात मिळत नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकाला बंदी केली. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. वर्षातून फार तर पंधरा दिवस राज्य सरकार बारापर्यंत सूट देऊ शकते. महोत्सवाला एखाद्या दिवशी ती मिळते, एरवी दहाला पडदा. गाण्याच्या लोकांत यावर पुष्कळ हळहळ झाली, आणि ती खोटी नाही. दहाला संपणाऱ्या मैफलीत दरबारीला जागा मिळणे कठीण, ललिताला तर नाहीच. तरीही आम्ही नियमाच्या बाजूने आहोत. मैदानाच्या भोवती घरे आहेत, घरांत आजारी माणसे आहेत, पहाटे पाचला उठून पहिल्या पाळीला जाणारा कामगार आहे. आमची रात्र त्याच्या झोपेतून कापून घेण्याचा हक्क आम्हांला नाही.

बंद सभागृहाला मात्र हा नियम लागू नाही. दारे लावून रात्रभर गा, कोणी अडवत नाही. म्हणजे आता निवड अशी झाली: माणसे हजारो हवीत तर रात्र सोडा, रात्र हवी तर दोन-तीनशे माणसांत बसा. १९९६ साली दोन्ही एका तिकिटात होते.

या बदलाचा एक परिणाम मात्र कोणी मोजत नाही. रात्र गेली म्हणून गाणे दुपारवर सरकले. आता कामाच्या वारी दुपारी तीन-चारलाच सत्र सुरू होते. पूर्वी दिवसपाळी संपवून, तोंड धुऊन, नऊ वाजता माणूस मैदानात पोचला तरी त्याच्या वाट्याला चार-पाच कलाकार येत. आता तो पोचेपर्यंत निम्मे गाणे होऊन गेलेले असते. तिकीट परवडले तरी वेळ परवडत नाही. वेळ हे दुसरे तिकीट आहे, आणि ते खिडकीवर मिळत नाही.

ते कुठे मिळते हे आपल्याकडे एका माणसाने फार पूर्वी ओळखले होते. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांना एकत्र करून आठवड्याच्या सुटीची मागणी मांडली. १० जून १८९० रोजी मालकांनी रविवारची सुटी मान्य केली. आज रविवारी सकाळी गाण्याला बसणाऱ्याने लोखंड्यांचे नाव घ्यायला हरकत नाही. आमच्या जोह्याकडे मात्र ती सुटी अजून पुरती पोचलेली नाही. गणपतीच्या कारखान्यातली पुष्कळ माणसे नगावर किंवा रोजावर. साचातून मूर्ती काढणारा, पॉलिश पेपर मारणारी, रंग देणारी, ज्या दिवशी आले नाहीत त्या दिवशी पैसे नाहीत. आषाढ-श्रावणात रात्रीचा दिवस करायचा आणि डिसेंबरात दोन दिवस मागितले की त्याची किंमत स्वतः भरायची. भरपगारी साप्ताहिक सुटीची मागणी आम्ही मांडतो तेव्हा एक मालक हसून विचारतात, ‘सुटी घेऊन ही माणसे करणार काय?’ त्यांना आम्ही रेडिओकडे बोट दाखवतो.

जे प्रथमच जाणार असतील त्यांच्यासाठी थोडे व्यवहाराचे. बैठकीचे तिकीट घ्यावे, शाल आणि पाठीला टेकायला उशी न्यावी. जागा आवाजाच्या टेबलाजवळ धरावी, कारण तिथला माणूस आपल्या कानाला बरे लागेल तसेच सर्वांना ऐकवत असतो. सगळे ऐकण्याचा हट्ट धरू नये. दोन कलाकार नीट ऐकावे, तिसऱ्याच्या वेळी चहा घ्यावा. आणि शेवटी उठून जाऊ नये. महोत्सवाची सांगता सवाई गंधर्वांच्या भैरवीतल्या ठुमरीच्या ध्वनिमुद्रिकेने होते. जुन्या तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटांहून जास्त गाणे मावत नसे. इतक्या दिवसांच्या गाण्यानंतर, ज्याच्यासाठी हे सगळे चालले त्याचा आवाज तेवढाच वेळ ऐकू येतो, खरखरीसकट, आणि व्यासपीठ रिकामे असते. परतीच्या एस.टी.ची वेळ तेवढी आधी पाहून ठेवावी.