सदनप्रमुखाच्या दोन भाषा

निवासी शाळेतील ‘हाउसमास्टर’ ह्या पदास ‘सदनप्रमुख’ असा प्रतिशब्द योजता येतो. परंतु त्या पदाचे मर्म प्रतिशब्दाने उकलत नाही. गोंदिया जिल्ह्यात नवेगावबांध येथे जवाहर नवोदय विद्यालय आहे. अशी पहिली दोन विद्यालये १९८५-८६ साली प्रायोगिक स्वरूपात झज्जर व अमरावती येथे निघाली. त्यांतील सदनांची नावे अरवली, निलगिरी, शिवालिक व उदयगिरी अशी असतात. ह्यांतील एकही पर्वत गोंदियातून दिसत नाही, ही गोष्ट वेगळी!

सदनप्रमुख हा मुळात विषयशिक्षक असतो. दिवसा तो वर्गात शिकवितो. पहाटेची कवायत, सायंकाळचा अभ्यास, रात्रीची हजेरी आणि मध्यरात्री एखाद्या मुलाचा ताप हे सारे त्याच्याच वाट्याला येते. सहावीत प्रवेश घेणारी बहुसंख्य मुले खेड्यांतून येतात. ह्या जिल्ह्यात घरोघरी झाडीबोली, पोवारी, गोंडी वा हिंदी कानी पडते. झाडीबोलीत मूर्धन्य ‘ण’च्या जागी ‘न’ आणि ‘श’च्या जागी ‘स’ येतो. हा उच्चाराचा आळस नव्हे. ती त्या बोलीची नियमबद्ध ध्वनिव्यवस्था होय.

वर्गात ‘पानी’चे ‘पाणी’ करणे हे शिक्षकाचे कर्तव्यच आहे. पण तेच मूल रात्री पोट धरून दाराशी आले असता त्याचा उच्चार सुधारू लागणारा शिक्षक एक मोठी चूक करतो. दहा-अकरा वर्षांचे मूल एकदा ओशाळले की पुढच्या खेपेस दार ठोठावीत नाही, दुखणे अंगावर काढते. शिक्षकांची भरती अखिल भारतीय असल्यामुळे पुष्कळदा सदनप्रमुखालाच मराठी नवी असते. अशा वेळी मुलाची बोली त्याने शिकावयाची असते, आणि माझ्या मते त्याच्या प्रशिक्षणात ह्या शिक्षणास स्थान असावयास हवे.

नववीत सुमारे ३० टक्के विद्यार्थी एका वर्षासाठी अन्यभाषक प्रदेशातील विद्यालयात पाठविण्याची योजना आहे. तेव्हा हिंदी प्रदेशातून आलेला मुलगा ‘पानी’ मागतो आणि त्याला कोणी टोकत नाही, कारण त्याच्या भाषेत ते शुद्धच असते. शेजारच्या खाटेवरील अर्जुनी-मोरगावचा मुलगा तोच शब्द उच्चारतो, तोही तितक्याच सहजतेने. सदनप्रमुख दोघांनाही पाणी देतो; सकाळी मराठीच्या वहीत मात्र एकाच्याच शब्दाखाली तांबडी रेघ उमटते.