बिघडलेल्या टीव्हीचे निदान

रोग्याने "पोट दुखते" म्हणावे आणि वैद्याने नाडी न पाहता कपाटातली पहिली बाटली त्याच्या हातात द्यावी, अशा वैद्याला आपण काय म्हणू? पण घरातले यंत्र बिघडले की आपण नेमके तसेच वागतो. टीव्ही बंद पडला, की आधी त्याला दोन थपडा. तेवढ्याने भागले नाही, तर पाठ उघडायची आणि जो भाग काळवंडलेला दिसेल तो बदलायचा. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी! यंत्राची नाडी कशी पाहावी, हे आज एका जुन्या टीव्हीच्या निमित्ताने सांगायचे आहे.

महाराष्ट्रात टीव्ही आला तो २ ऑक्टोबर १९७२ रोजी, मुंबई केंद्रावरून. पुढच्याच वर्षी सिंहगडावरच्या मनोऱ्यातून ती चित्रे पुण्यात पोचू लागली. १९८२ साली दिल्लीच्या एशियाई क्रीडास्पर्धांच्या वेळी चित्राला रंग आले. तेव्हापासून कितीतरी वर्षे घरोघर जो संच होता तो काचेच्या मोठ्या नळीचा, पाठीला कुबड असलेला. आता सपाट संच आले आणि ते कुबडे संच घराच्या माळ्यावर, शाळेच्या अडगळीच्या खोलीत नाहीतर जुन्या बाजारात जाऊन पडले.

पुण्याच्या मंगळवार पेठेत असा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. तिथून मी एक एकवीस इंची रंगीत संच उचलून आणला. विकणारा म्हणाला होता, "चालू आहे, फक्त जरा रेघ येते." घरी येऊन लावला तर खरोखरच रेघ. काळ्याभोर पडद्याच्या मधोमध एकच पांढरीशुभ्र आडवी रेघ! वर काही नाही, खाली काही नाही.

हौस मोठी आणि ज्ञान तोकडे, अशी माझी अवस्था. मी लगोलग बुधवार पेठेतली तपकीर गल्ली गाठली. विजेच्या वस्तू आणि सुटे भाग मिळण्याचे हे पुण्यातले जुने ठिकाण. दोन कंडेन्सर, एक ट्रान्झिस्टर, आणखी कसलासा भाग असे घेऊन आलो. संचापेक्षा सुट्या भागांचे पैसे जास्त झाले. तेव्हा शेजारच्या आळीतल्या एका वयस्कर कारागिराला मी घरी बोलावले. त्यांची सारी हयात टीव्ही दुरुस्त करण्यात गेली होती.

"काका, यातला कुठला भाग आधी बदलू?"

"बदलायचं नंतर बघू. आधी मला सांगा, पडद्यावर उजेड आहे ना?"

"आहे, पण रेघेपुरता."

"मग निम्म्याहून जास्त टीव्ही जिवंत आहे. मेलेल्याला शोधताना जिवंत कोण कोण आहे ते आधी मोजावं."

हे वाक्य मला फार मोलाचे वाटले. त्यातले मर्म समजण्यासाठी टीव्ही चित्र कसे काढतो ते पाहिले पाहिजे.

शेतात नांगर कसा चालतो? एका कडेने निघून दुसऱ्या कडेपर्यंत एक तास पडते. मग थोडे खाली सरकून दुसरे तास. असे करत करत सारे शेत नांगरून होते. टीव्हीच्या नळीत मागच्या टोकाकडून इलेक्ट्रॉनांचा एक बारीक झोत पडद्यावर येतो. तो जिथे पडतो तिथला लेप उजळतो. हा झोत म्हणजे नांगर. त्याला वळवण्यासाठी नळीच्या मानेभोवती तारांची वेटोळी असतात. एक जोडी झोताला डावीकडून उजवीकडे नेते, सेकंदाला १५,६२५ वेळा. दुसरी जोडी त्याला वरून खाली उतरवते, सेकंदाला ५० वेळा. पहिल्या फेरीत एकाआड एक तासे पडतात आणि दुसऱ्या फेरीत मधली राहिलेली. अशी ६२५ तासे मिळून एक चित्र आणि सेकंदाला अशी २५ चित्रे!

आता नांगर आडवा चालतो आहे, पण खाली सरकतच नाही असे समजा. काय होईल? त्याच त्या तासातून तो पुन्हा पुन्हा जाईल. पडद्यावर एकच आडवी रेघ दिसेल. म्हणजे माझ्या संचात झोत होता. झोत होता त्याअर्थी त्याला ओढणारा भारी दाब होता, आणि त्याअर्थी वीजपुरवठ्याचा भागही धड होता. आडवे नेणारा भाग चालू होता. बिघाड उरला एकाच जागी, तो म्हणजे वरून खाली नेणाऱ्या भागात. स्क्रू ड्रायव्हर हातात न घेता साऱ्या संचातला चतकोरभर भाग संशयित ठरला आणि मी आणलेले दोन्ही कंडेन्सर निरपराध सुटले.

शिक्षक मंडळींनी मुलांपुढे हाच विचार ठेवून पाहावा. आवाज आहे, चित्र नाही, तर काय जिवंत आहे? चित्र आहे, आवाज नाही, तर काय? दिवासुद्धा लागत नसेल, तर खटका, वायर आणि फ्यूज यांच्यापासूनच का निघावे? फ्यूजची काच आतून काळी झाली असेल, तर पुढे कुठेतरी तार तारेला भिडल्याचा संशय घ्यावा. अशा वेळी नुसता नवा फ्यूज घालून भागत नाही, तोही जातो. कोपऱ्यात रंगाचे डाग दिसत असतील, तर आधी शेजारचा स्पीकर दूर करावा. लोहचुंबकाच्या ओढीने झोत भरकटतो. हे सगळे संच न उघडता, केवळ डोळ्यांनी आणि कानांनी कळते.

काकांनी प्लग काढून ठेवायला सांगितले आणि अर्ध्या तासाने पाठ उघडली. मी उत्साहाने हात आत घातला, तोच त्यांनी माझे मनगट धरून मागे ओढले.

"हात खिशात! वीज घरातून गेली, टीव्हीतून गेली नाही."

नळीच्या कुशीला एक रबरी टोपी असते. काकांनी स्क्रू ड्रायव्हरच्या दांडीला तार बांधली, तिचे दुसरे टोक नळीभोवतीच्या उघड्या पट्टीला जोडले आणि टोक टोपीखाली सरकवले. टच्च असा आवाज होऊन ठिणगी उडाली. प्लग काढून अर्धा तास झालेल्या संचातून! रंगीत नळीला चालताना सुमारे २५,००० व्होल्टचा दाब लागतो आणि ती काच स्वतःच मोठ्या कंडेन्सरसारखी वीज धरून ठेवते. शिवाय वीज आत शिरते तिथल्या मोठ्या कंडेन्सरमध्ये ३०० व्होल्टच्या आसपास साठा राहू शकतो. मंडळी, म्हणून स्पष्ट सांगतो. निदान सर्वांनी करावे, पण पाठ जाणत्यानेच उघडावी. मुलांना तर आत हात घालू देऊच नये. नळी फोडायचीही नाही. आत निर्वात पोकळी असल्याने काचा जोराने उडतात, आणि त्या काचेत शिसे असते. दुरुस्त न होणारा संच ई-कचरा रीतसर गोळा करणाऱ्यांकडेच द्यावा.

पुढचे काम दहा मिनिटांचे. काकांनी पाटी उलटी केली आणि भिंगातून मला एक जागा दाखवली. खाली नेणाऱ्या आयसीच्या एका पायाभोवती केसाएवढी गोल भेग होती. संच वर्षानुवर्षे तापतो, निवतो, आणि तिथला डाख सुटतो. कारागीर त्याला ड्राय सोल्डर म्हणतात. तापलेल्या इस्त्रीने त्यांनी तिथे नवा डाख दिला. खर्च म्हणाल तर बोटाच्या पेराएवढी सोल्डरची तार. संच लावला आणि ती रेघ उमलून पडदाभर उजेड झाला.

चित्र मात्र लगेच आले नाही, नुसत्या मुंग्या! तो बिघाड नव्हता. जुन्या पद्धतीची दूरदर्शनची प्रक्षेपणे आता बहुतेक ठिकाणी बंद झाली आहेत, तेव्हा छपरावरच्या अँटेनाला मिळणार काय? डिशच्या डब्याची पिवळी, लाल आणि पांढरी वायर संचाच्या तशाच भोकांत बसवली आणि चित्र हलू लागले.

१९५६ साली पुणे आकाशवाणीने युनेस्कोच्या मदतीने सुमारे दीडशे गावांत शेतकऱ्यांची श्रोतृमंडळे चालवली होती. त्यांचे सूत्र होते, ऐका, चर्चा करा, मग कृती करा. यंत्रालाही हेच सूत्र लागू पडते. मोटार पाणी ओढत नसेल, तरी पाना उचलण्याआधी क्षणभर थांबावे आणि विचारावे, अजून जिवंत काय काय आहे?

तपकीर गल्लीतून आणलेले ते भाग मी अजून जपून ठेवले आहेत. न वापरलेले. घाईची किंमत म्हणून ते डोळ्यांसमोर असलेले बरे.